शाल, श्रीफळ आणि लीगमधली एक जागा

मंगळवार, २ सप्टेंबर

धप्-धप्-धप्. मुरुमाच्या मैदानावर चेंडू आपटल्याचा आवाज! आज पहाटे जागा झालो तो त्यानंच. वसईची शाळा, सातवी ब. आत मी कविता शिकवतोय, चाळीस पोरं एका चालीत म्हणतायत, आणि बाहेर नववीच्या मुली सराव करतायत. चेंडू नेमका यमकावर पडायचा. मराठी आणि पी.टी. दोन्ही एकाच मास्तरकडे — असं सुख पुन्हा कुणाला मिळालं असेल?

डोळे उघडले तर वर एसीची जाळी. दुबईतलं अल कुसैस, चौथा मजला. खिडकी उघडायची नाही, वाळू येते. खाली जायचं नाही, ऊन आहे. बायको विल्मा गेली आणि मुलानं, डॅनियलनं, मला इकडे आणलं, त्याला तीन वर्षं झाली. माझा व्हिसा डॅनियलवर, डॅनियलचा त्याच्या नोकरीवर. डब्यात डबा, त्यात डबा, आणि सगळ्यात आतल्या डब्यात मी.

पण परवा बाहेर पडायचं आहे! मुलींच्या कॉलेज बास्केटबॉल लीगमध्ये यंदा एक नवं कॉलेज घ्यायचंय. जागा एक, अर्ज दोन. निवड समितीत तिघं: सेक्रेटरी सुरेश, कोच शहनाझ मॅडम, आणि बाहेरचा माणूस म्हणून मी. सुरेश पुण्याचा. मी तीस वर्षं मुलींना खेळवलंय हे कळल्यावर त्यानंच मला ओढलं.

दोन अर्जांपैकी एक डॅनियलच्याच कॉलेजचा आहे. तो तिथे ॲडमिनला. मी सुरेशला तेव्हाच सांगितलं होतं. तो हसला. म्हणाला, सर, दुबईत कोण कुणाचा कुणीतरी नसतो?

गुरुवार, ४ सप्टेंबर

दुसरा अर्ज जिथला, त्या रास अल खैमाला जाऊन आलो. मागे डोंगर, पुढे सिमेंटच्या कारखान्याची धूळ, मध्ये ते एवढंसं कॉलेज. कोर्ट उघड्यावर, वर पत्रा. ऊन उतरल्यावरच खेळता येतं. एका बास्केटची जाळी मासेमारीच्या दोरीनं विणलेली.

कोच म्हणजे हॉस्टेलच्या वॉर्डन, मरियमबी. साठीच्या, डोक्यावर ओढणी, गळ्यात शिट्टी. मी नाव सांगताच मराठीत म्हणाल्या, "मी दापोलीची. पण सर, चहाच देईन हां फक्त. नियम वाचलाय मी. भेटबिट काय मिळायची नाय." शहनाझ मॅडम तोंडावर कागद धरून हसत होत्या.

आणि त्या मुली! एकीचे बूट फाटलेले, पण पास असा की न बघता चेंडू हातात पोचतो. बाकीची कॉलेजं यांच्याशी मैत्रीचे सामनेसुद्धा खेळत नाहीत, लांब पडतं म्हणून. लीगमध्ये आल्या तरच त्यांना कुणीतरी समोर मिळणार. तीन वर्षं आपापसातच खेळतायत. मरियमबी म्हणाल्या, एकमेकींचे डाव पाठ झालेत, आता एकमेकींना फसवताही येत नाय.

परतताना गाडीत ठरवून टाकलं. माझं मत इथेच.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

बेचाळीस डिग्री. दिवसभर पडदे ओढलेले. डॅनियल जेवताना सहज म्हणाला, महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. सहज म्हणाला, पण सुनेनं, लॅरिसानं, वाढता वाढता हात थांबवला.

सोमवार, ८ सप्टेंबर

मरिया मातेचा जन्मदिन. गावी आज चर्चमध्ये फुलांचा खच असेल. इथे मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला, डॅनियलच्या कॉलेजची पाहणी करायला.

हॉल काय तो! लाकडी फ्लोअर कॅनडाहून आलेला. डायरेक्टरनी दिरहॅममध्ये आकडा सांगितला, सुरेशनं तिथल्या तिथे रुपये करून सांगितले आणि स्वतःच दचकला. टीम बरी आहे. चार मुली चांगल्या, बाकीच्या फोनवर. पाहणी संपली. सुरेश आणि मॅडम निघून गेले. मला डॅनियल घरी नेणार होता, म्हणून थांबलो.

आणि मग त्यानं मला स्टाफरूममध्ये नेलं. तिथे कॉलेजचा सगळा मराठी स्टाफ! टेबलावर चादर, समई, माझा फोटो मोठा करून लावलेला. अकाउंट्सच्या वैभवीनं मानपत्र वाचलं — 'ज्यांनी वसईच्या मातीत पिढ्या घडवल्या'. डायरेक्टरनी शाल घातली. श्रीफळ हातात दिलं.

निवृत्त झालो त्या दिवशी पाऊस होता, पाचजण आले होते. त्यानंतर कुणी मला उभं करून 'सर' म्हटलं नव्हतं. मी माईक घेतला. पाचवीच्या पुस्तकातली एक अख्खी कविता चालीवर म्हटली. टाळ्या! आणि त्या टाळ्यांच्या भरात, शाल सावरत, आपल्याकडे पाहुणा बोलतो तसं बोलून गेलो — "तुमचं काम झालंच समजा!"

डॅनियलचा चेहरा असा उजळला. लहानपणी कवितेत बक्षीस मिळालं तेव्हा असा दिसला होता.

रात्री शाल घडी करताना लक्षात आलं, मी शब्द देऊन बसलोय.

मंगळवार, ९ सप्टेंबर

नातीनं, रोशेलनं, फोन पुढे केला. "ग्रँपा, यू आर फेमस." कॉलेजच्या पानावर मी, शालीत. खाली व्हिडिओ. 'झालंच समजा' स्पष्ट ऐकू येतं. कुणीतरी ते इंग्रजीत करून खाली लिहिलंय, आणि इंग्रजीत ते वचनासारखं दिसतं.

अर्ध्या तासात शहनाझ मॅडमचा फोन. हिंदीत बोलतात त्या. ही शाल कसली, सर? मी सांगितलं. आमच्याकडे कुठेही पाहुणा गेला की शाल-श्रीफळ देतात, सुतकातून उठलेला माणूस दिसला तरी देतील! त्या हसल्या नाहीत. सुरेशचं मत दुबईला आहे हे त्यांना ठाऊक, त्यांचं रास अल खैमाला. माझं तिसरं. हळूच म्हणाल्या, मुलाला सांगून ते पान काढून टाका, परवा मत द्या, खलास. तुम्ही स्वतःहून बोललात तर मत जाईल, मग बरोबरी, मग सेक्रेटरीचं निर्णायक मत. त्या मुली गेल्याच समजा.

म्हणजे खरं बोललो तर मुली हरतात. गप्प बसलो तर मी शाल घेऊन गप्प बसलेला मास्तर. आणि मत त्यांना दिलं तर डॅनियलचं काय!

तीस वर्षं पोरांना कॉपी करताना पकडलं. इतका हुशार प्रश्न एकाही पेपरात काढला नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

डॅनियलला विचारलं, सत्कार कुणाची कल्पना? तो लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला, माझी. शाल मीना बझारमधून त्यानंच आणली. "पप्पा, तीन वर्षं तुम्ही त्या सोफ्यावर बसून असता. मला वाटलं, एकदा तरी…" डायरेक्टरना खूश करायचं होतं हेही खरं असेल. दोन्ही खरं असेल.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मीटिंग. जाताना लिफ्टमध्येसुद्धा ठरलेलं नव्हतं.

सुरेशनं मतं मागितली तेव्हा मी पिशवीतून शाल काढून टेबलावर ठेवली. आणि नारळ. म्हणालो, पाहणीच्या दिवशी हे घेतलंय, वर शब्दही देऊन बसलोय, माझं मत धरू नका. वाटलं होतं, संपलं — हरलो, पण सुटलो.

सुरेशनं नियमांचा कागद काढला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. पाहणीच्या काळात समितीच्या माणसाला भेट दिली तर भेट देणाऱ्या कॉलेजचाच अर्ज बाद! घेणाऱ्याचं फक्त मत जातं. देणाऱ्याचं सगळंच जातं. मी नियम वाचलेच नव्हते. मरियमबींनी वाचले होते.

एकच पळवाट. दुसऱ्या अर्जदारानं सात दिवसांत 'आमची हरकत नाही' असं लिहून दिलं तर अर्ज पुन्हा जिवंत. तसं झालं की बरोबरी, आणि सुरेशचं मत.

सुरेश नारळाकडे बघत राहिला. "सर, तुम्ही बोलला नसतात तर कुणी विचारणार नव्हतं हो."

मी माझी मान सोडवायला गेलो आणि फास मुलाच्या गळ्यात पडला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

डायरेक्टरनी डॅनियलला बोलावलं. सत्कार कुणी ठेवला, याची चौकशी. रिन्यूअल होल्डवर. नोकरी गेली तर लॅरिसा, रोशेलची शाळा, मी — सगळ्यांचा मुक्काम संपला.

नमाजाच्या वेळी, रस्ता शांत असताना, तो माझ्या खोलीत आला. "एक फोन करा, पप्पा. त्या बाई तुमच्या गावाकडच्या. एन.ओ.सी. देतील. एक कागद. इथे सगळे सगळ्यांना देतात."

मी म्हणालो, त्या मुलींना काय सांगू?

"आणि रोशेलला काय सांगू?"

फोन हातात घेतला. नंबर लागला. पलीकडे घंटा वाजत असताना कट केला. आणखी दोनदा तसंच. मग डॅनियल उठून गेला. दार आपटलं नाही त्यानं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

रविवार, १४ सप्टेंबर

चर्चला सगळे एका बाकावर. शांतीचिन्हाच्या वेळी, एकमेकांचे हात हातात घ्यायचे तेव्हा, रोशेलनं हात दिला, लॅरिसानं दिला. डॅनियलनं मान हलवली फक्त.

मंगळवार, १६ सप्टेंबर

घरात माणसं चार, आवाज एसीचा. तो सात वाजता जातो, सात वाजता येतो, ताट घेऊन आत. लॅरिसा म्हणाली, राहू दे पप्पा, तो तुमच्यावर नाही रागावलेला. म्हणजे माझ्यावरच.

आज बसून कविता आठवायला गेलो. दुसऱ्या कडव्याच्या पुढे काही येईना. साठ वर्षांत प्रथमच.

मुदत गुरुवारपर्यंत. अजूनही करू शकतो तो फोन. दर तासाला करू शकतो!

बुधवार, १७ सप्टेंबर

संध्याकाळी बेल. डॅनियल नुकताच आला होता, त्यानंच उघडलं. दारात मरियमबी! ओढणी धुळीनं भरलेली, दोन बस बदलून आलेल्या. शहनाझ मॅडमकडून सगळं कळलं म्हणे. मी खोलीच्या उंबऱ्यात उभा. त्यांनी पिशवीतून कागद काढून डॅनियलला दिला. "हरकत नाय असं लिवलंय. पोरींनी सह्या केल्यात सगळ्यांनी. म्हणाल्या, सरांचं घर मोडून आम्हाला नाय खेळायचं. उद्या शेवटची तारीख ना? तुम्हीच पोचवा."

डॅनियलनं सगळ्या सह्या वाचल्या. वेळ लावून वाचल्या. मग कागद उभा फाडला, आणि आडवा.

"आत या," तो म्हणाला. "पप्पा, बाहेर या. कुणीतरी आलंय तुमच्याकडे."