करोल बागेतल्या छत्रीचा वारस

मी, शांताराम गोविंद पेंडुरकर, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण आठवी, निवृत्त लिफ्टचालक, राहणार मयूर विहार, दिल्ली, माझ्यामागे काय कोणाचे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे; शेजारच्या डॉक्टर नीरजाताईंनी तपासून तसे लिहून दिले आहे. कोणी भरीस घातलेले नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. केले असेल आणि विसरलो असेन, तर ते रद्द.

१. राहता फ्लॅट मुलगा साकेत व मुलगी केतकी यांना निम्मा-निम्मा. विकलात तरी हरकत नाही, पण घेणाऱ्याला सांगा की गीझर बंद केल्यावरही परत जाऊन पाहावा लागतो.

२. बँकेतल्या ठेवी दोघांना सारख्या. पासबुके कपाटात, माझी पत्नी कै. अलकनंदा हिच्या शालूखाली. शालू केतकीचा. डांबरगोळ्या बदलत राहावे, नाहीतर मला चैन पडणार नाही.

३. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सुधन्वा यांनी लिफ्टमध्ये ‘विनाकारण बटणे दाबू नयेत’ अशी पाटी माझ्याकडे बघत लावली. मी विनाकारण दाबत नाही, लिफ्ट मजल्याशी बरोबर थांबते का ते पाहतो. माफ केले आहे, पण नोंद असावी.

४. लिफ्टमधले लाकडी स्टूल आणि एक विनोद.

सरकारी कचेरीत मी या स्टुलावर बसून माणसे वर-खाली नेली. वाटे, दोन शब्द बोलावेत. पण विनोद सुरू केला की दुसऱ्या मजल्यावर निम्मे उतरत, तिसऱ्यावर बाकीचे, आणि शेवट ऐकायला कोणी उरत नसे. मला जेवण जात नसे. म्हणून मी शेवटच नसलेले विनोद रचू लागलो. कोणी कुठेही उतरले तरी त्याचे काही बुडत नाही. त्यातला उत्तम असा:

एक माणूस छत्री घ्यायला करोल बागेत गेला. दुकान बंद होते. तो घरी परत आला.

एवढाच आहे. यात कोणी काही घालू नये, हीच माझी मोठी काळजी. साकेत नोएडात कंपनीत आहे, हुशार आहे, पण म्हणतो, “बाबा, एंडिंग तर टाका काहीतरी. छत्री ऑनलाइन मागवली म्हणा.” त्याच्या हाती विनोद दिला तर वर्षभरात त्याला शेवट फुटेल. केतकी हसते, पण मी सुरू करण्याआधीच. ते प्रेम झाले.

राहिले साडू, हरीशराव देवधर. ते त्याच कचेरीत पाचव्या मजल्यावर सेक्शन ऑफिसर होते, म्हणून शेवटपर्यंत ऐकणारे तेवढेच. पहिल्यांदा ऐकून त्यांनी लिफ्टचे दार धरून ठेवले आणि विचारले, “वार कोणता होता? सोमवारी करोल बाग बंदच असते. मग यात विनोद काय आहे?” बाहेर उभी असलेली माणसे पोट धरून हसली. माझ्या विनोदाला नाही, त्यांच्या प्रश्नाला. मी समजलो.

पुढच्या वेळी मी माणसाला हिंदूरावला पाठवले. डॉक्टरांनी तपासले, काही झाले नव्हते. हरीशराव म्हणाले, हिंदूराव हे ग्वाल्हेरहून आलेले गृहस्थ. माणूस त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या नावाच्या इस्पितळात गेला, असे म्हणा. पुन्हा हशा.

तेव्हापासून दर कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर मी विनोद सांगून खाली बसतो, आणि दुधाचे पेले थांबवून सगळे हरीशरावांकडे बघतात. ते बराच वेळ कळ काढतात. मग उठतात. लोक माझ्या अडाणीपणाला हसतात असे त्यांना आजही वाटते.

सबब स्टूल व विनोद हरीशरावांना. माझ्या तेराव्याला त्यांनी तो उभे राहून सांगावा, दुरुस्ती न करता. अगदीच न राहवल्यास करावी. नुसता सांगितला तरी मी जिंकलो, दुरुस्त केला तरी मीच जिंकलो.

५. हे कलम आज सकाळी वाढवले. हरीशरावांना पहिला साक्षीदार म्हणून बोलावले होते, कारण त्यांच्याइतके बारकाईने कोणी वाचत नाही. त्यांनी सगळे वाचले, चौथ्या कलमावर लाल पेन टेकवले आणि म्हणाले, “शांतारामराव, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. दिलं तरी ते रद्द होतं. कायदा आहे.”

मी म्हणालो, मग कलम खोडा, सही महत्त्वाची, विनोद जाऊ दे माझ्याबरोबर. त्यांची बायको विनया, म्हणजे आमच्या अलकनंदाची धाकटी बहीण, चहा घेऊन येत होती ती दारातच थांबली. “यात विनोद काय आहे, असं हे अजून म्हणतात घरी,” ती म्हणाली. “खोडा की.”

हरीशरावांनी पेनाला टोपण लावले.

“कलम राहू दे,” ते म्हणाले. “सही दुसऱ्या कोणाची घ्या.”

चहा न घेताच उठले. दारातून वळून म्हणाले, “पण वार घाला त्यात. सोमवार.”

घालणार नाही.

शांताराम गोविंद पेंडुरकर (सही)

आमच्यासमोर सही केली, आणि आम्हाला यातून काही मिळणार नाही:
१. डॉ. नीरजा साठ्ये (सही)
२. सुधन्वा करंबेळकर, सेक्रेटरी (सही; पाटी काढतो)

ठिकाण: मयूर विहार, दिल्ली
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४
वार: लिहिलेला नाही.