मोहाखालचा पाला

माय, तुला एक सांगायचं आहे, आणि ते सरळ सांगता येत नाही म्हणून जरा लांबून येतो. आम्ही राहतो ती गोंदियाच्या कडेची वसाहत एके काळी धानाची बांधी होती. तिच्या धुऱ्याच्या बांधावरचा एक मोह प्लॉट पाडणाऱ्यांच्या हातून कसा कोण जाणे वाचला. त्याच्याभोवतीची मोकळी जागा सगळ्यांसाठी ठेवलेली. तिथं लॉन करायचं, फरशी बसवायची असं ठरत होतं, तेव्हा मी हट्ट धरला की आपल्याच रानातली झाडं लावू. चारोळी, कुसुम, बेहडा, कडेला करवंदाची जाळी. गवत कापायचं नाही, पाला उचलायचा नाही, म्हणजे पाखरं आपसूक येतील. लोक हसले, पण ऐकलं. यंदा, तिसऱ्या वर्षी, गवतात तितरानं अंडी घातली. वसाहतीतली पोरं भोवती दोरी बांधून लांबून पहारा करू लागली, आणि मी त्यांना शाळेतल्या पाखरांच्या कविता म्हणून दाखवू लागलो. वाटायचं, जन्मभर पाठ केलेलं शेवटी कामी आलं.

आपल्या गावी मोह गळायला लागला की फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून सगळेच झाडाखालचा पाला जाळत. तू मात्र आधी पाला झाडून लहान ढीग करायचीस, तो झाडापासून दूर ओढायचीस, आणि हातात पळसाची ओली फांदी घेऊन राख थंड होईपर्यंत जागची हलायची नाहीस. एकदा ते काम माझ्यावर सोपवून तू विहिरीवर गेलीस. मी धुराकडे बघत दुसऱ्या दिवशीची कविता घोकत बसलो, आणि जाळ शेजाऱ्याच्या धानाच्या तणसाच्या ढिगाला लागला. तू धावत येऊन तो झोडपून विझवलास, मग माझ्याकडे वळलीस.

"काऊन रे, का करून राहिला होता?"

"कविता म्हनत होतो."

"मंग म्हन. पाहू बरं, इझते का आग कवितेनं."

मारलं नाहीस. त्या शेजाऱ्याकडे मात्र त्याच पावली गेलीस आणि सांगितलंस, आमच्या हातून झालं.

गेल्या आठवड्यात सकाळी बागेत मी एकटाच होतो. मोह गळत होता. फुलं वेचायची नव्हती मला, झाडझूडही करायची नव्हती. मला तो धूर हवा होता, माय. जळत्या पाल्याचा आणि मोहाचा एकत्र वास पुन्हा एकदा नाकात यावा, एवढंच. घरी जाऊन देव्हाऱ्यातली काडेपेटी आणली आणि मूठभर पाला पेटवला. मी डोळे मिटून उभा आहे, तुझी टोपली दिसते आहे, ओठांवर सातवीतली एक कविता आहे. डोळे उघडतो तर गवत पेटलेलं. चपलेनं मारत राहिलो. करवंदाची जाळी गेली, कुसुमाची रोपं गेली, पोरांची दोरी गेली. अंडी होती तिकडे मी पाहिलंच नाही. घरी आलो, हातपाय धुतले, कोणाला काही बोललो नाही.

बागेत पाणी घालायला जवळच्या खेड्यातून एक बाई यायची. दुपारी सगळे जमले, तेव्हा आमचे अध्यक्ष म्हणाले, "और कौन? गाँववाले महुआ के लिए जलातेच हैं."

"मी कायले जाळू, साहेब? माह्याच हातचं पानी पेले ते झाडं," ती म्हणाली.

मागून कोणी तरी बोललं, "मोहाची दारू काय आपोआप गळते?" लोक हसले.

तेव्हा मी तोंड उघडलं. म्हणालो, "जाऊ द्या. गरीब आहे, होते माणसाकडून चूक. कामावरून नका काढू." सगळ्यांना माझं मोठं मन दिसलं, आणि तिचा गुन्हा तिथंच पक्का झाला. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगण्यात आलं.

काल तिच्या गावी गेलो, सांगायचंच असं ठरवून. तिनं अंगणात खाट टाकली, काळा चहा केला. म्हणाली, "सगळे बोलले काका, तुमीच एकटे माह्या बाजूनं होते." चहा संपेपर्यंत मी तिच्या कोंबड्यांकडे बघत बसलो. उठलो तेव्हा तिनं विचारलं, "कायले आले होते?"

म्हटलं, "असंच. भेटून जावं म्हटलं."

आज सकाळी कागद घेऊन बसलो तो तुझ्यासाठी नव्हे, माय. तोंडानं जमलं नाही ते लिहून द्यावं, तिची शाळेत जाणारी लेक तिला वाचून दाखवेल, एक प्रत अध्यक्षांना द्यावी, असं मनाशी ठरलं होतं. वर तिचं नाव लिहायला गेलो, तर ते मला ठाऊकच नव्हतं. तीन वर्षं मी तिला नुसतं 'बाई' म्हणत आलो. मग वर 'माय' लिहिलं. ते सोपं गेलं.