ट्रे दोनमध्ये कागद अडकला आहे

२ डिसेंबर, सोमवार
नगरपालिकेतला साठावा कामाचा दिवस. सकाळी हरिझानोवा मॅडमना (मुख्य आर्किटेक्ट, आमच्या विभागाच्या प्रमुख) लेखी कळवलं की रंगीत कॉपियरचा सर्व्हिस करार नव्या वर्षात वाढवू नये. मेकॅनिक यंदा सहा वेळा आला. दर वेळी दहा मिनिटं काम, अर्धा तास कॉफी. मी गाब्रोवोला मेकॅट्रॉनिक्स शिकले आहे. कागद अडकणं ही साधी यांत्रिक घटना आहे.
मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की. म्हणाल्या, बरं, मार्चमध्ये तुझी चाचणी मुदत संपते, तेव्हा मी हेच बघेन.
म्हणजे माझी कायमची नोकरी कॉपियरवर ठरणार. निकष योग्य आहे. मोजता येतो.
संकल्प: प्रत्येक अडथळ्याची नोंद. वेळ, कोड, कारण, उपाय.

४ डिसेंबर, बुधवार
आज संत वार्वाराचा दिवस, म्हणून जन्म-मृत्यू नोंदणीतल्या वार्वारामावशींचा नावदिवस. ज्याच्या नावाचा संत, त्याने त्या दिवशी गोड वाटायचं. त्यांनी सगळ्यांना लोकुम दिलं. मऊ, चौकोनी वड्या, पिठीसाखरेत लोळवलेल्या. डबा कॉपियरवर ठेवतात, कारण कॉरिडॉरमध्ये दुसरी सपाट जागा नाही. मी अशा गोष्टींत नसते. आल्बेना नावाचा संत कॅलेंडरात नाही, त्यामुळे मला कुणाचं तोंड गोड करावं लागत नाही. पण नाही म्हटलं की चर्चा होते. एक वडी घेतली.
११.२०. पहिला अडथळा. कोड ३३, ट्रे दोन. दार उघडलं, कागद काढला, कागद उचलणारा रबरी रोलर बोटांनी सगळ्या बाजूंनी चाचपला. ठीक आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार
संत निकोलाचा दिवस. करवसुलीत तीन निकोलाय आहेत. तीन डबे: गुलाब, अक्रोड, साधं. अक्रोडाचं आणि गुलाबाचं, असे दोन तुकडे घेतले. तुलना करायची तर दोन लागतातच.
कोड ३३, चार वेळा. बाहेर दाट धुकं. निदान: कागदात ओल. उपाय: दहा रिमं सोमवारपर्यंत रेडिएटरवर.

९ डिसेंबर, सोमवार
कागद वाळला. नळीसारखा वळलासुद्धा. दप्तरखान्यातले स्पिरोकाका ट्रेमध्ये डोकावले आणि म्हणाले, पोरी, हे नकाशे आहेत की सिगारेटी? ओलीची शक्यता निकालात निघाली, हीसुद्धा प्रगतीच.
आज संत आन्नाचाही दिवस. कार्यालयात दोन आन्ना, एक डबा. तीन तुकडे.

१२ डिसेंबर, गुरुवार
संत स्पिरिडॉन. म्हणजे स्पिरोकाका. डबा घेऊन आले तेव्हा मी रोलर तपासत होते. म्हणाले, मशीन आहे बाई, नवरा नाही, सारखं उघडून काय बघतेस? म्हटलं, ही प्रतिबंधक तपासणी आहे. म्हणाले, माझी बायकोही हेच म्हणायची. मग माझ्या तोंडासमोर डबा धरला. माझे दोन्ही हात आत होते, एक काढावा लागला.
निरीक्षण: बोटांवर पिठी असली की हाताला घाम येत नाही, रोलर निसटत नाही. हातमोज्यांची गरज नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार
संत इग्नात. अडथळ्यांना लोकांचा निष्काळजीपणा जबाबदार आहे. तीन पानी सूचना तयार केल्या. सूचना १: आल्बेना यांच्याशिवाय कुणीही कॉपियरचं दार उघडू नये. छापताना दुसरं पान अडकलं, म्हणून पहिलं आणि तिसरं लावलं.
वार्वारामावशींनी वाचून विचारलं, मधल्या पानावर काय होतं गं? म्हटलं, अपवाद. म्हणाल्या, बरं झालं अडकलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार
संत स्तेफान. सूचनेनंतर दाराला फक्त मी हात लावते. त्याआधीच्या आठवड्यात अडथळे ४. नंतर ११. याचा अर्थ इतरांनी आधी केलेल्या चुकांचे परिणाम आता दिसू लागले आहेत.

८ जानेवारी, बुधवार
सोमवारी योर्दान, काल इवान. आमच्या इमारतीत नऊ इवान आहेत. दोन दिवसांत १९ अडथळे, सगळे ट्रे दोनमध्ये.
आलेख काढला. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. अडथळे रोज सारखे येत नाहीत, ठरावीक तारखांना उसळतात. त्याच तारखांना कॉरिडॉरमध्ये गर्दी असते. गर्दीने फरशी हलते, फरशीने सेन्सर हलतो. समाधान वाटलं.
वार्वारामावशींना आलेख दाखवला. त्या म्हणाल्या, ह्या तर नावदिवसांच्या तारखा आहेत. त्यांना योगायोग आणि कारण यांतला फरक समजावला. त्या मान डोलावत होत्या. मग म्हणाल्या, हनुवटीवर साखर आहे तुझ्या.

१७ जानेवारी, शुक्रवार
कॉपियर माझ्या खोलीत हलवला. इथे फरशी भक्कम आहे आणि गर्दी होणार नाही. ढकलायला स्पिरोकाका आणि बांधकाम परवान्यांतले दोन आंतोन. आज त्यांचाच नावदिवस, म्हणून येताना डबे घेऊनच आले. स्पिरोकाका म्हणाले, आता संसार थाटलास, परवा आम्ही भांडीकुंडी आणतो.
१५.४०. लोक सारखे खोलीत येतात. उघडच कॉपियरसाठी. वार्वारामावशी वीस मिनिटं बसल्या, लेकीच्या घटस्फोटाची सगळी हकीकत सांगितली आणि एकही प्रत न काढता गेल्या. बहुधा विसरल्या.
अडथळे ९. मशीन नव्या जागेशी जुळवून घेत आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार
गेले दहा दिवस एकच अडथळा. (या काळात कुणी काही वाटलंही नाही, जरा कंटाळवाणं गेलं.) फरशीचं निदान सिद्ध झालं.
१२ तारखेला नव्या बाजारचौकाची जाहीर सुनावणी आहे. रंगीत नकाशांचे चाळीस संच, प्रत्येकी सहा पानं, म्हणजे २४० पानं. मॅडमनी विचारलं, मेकॅनिकला एकदा बोलावू या का? म्हटलं, गरज नाही. म्हणाल्या, आल्बेना, पेपरात जाहीर झालंय, मेयर समोर बसणार आहेत. त्या घाबरल्या आहेत. मी नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
संत हारालाम्पी. आज चर्चमध्ये मध मंत्रून आणतात. हिशेब विभागातले लाम्बी (पूर्ण नाव हारालाम्पी) बरणी आणि गरम पाव घेऊन आले. साखरेची पिठी नाही, म्हणून निर्धास्तपणे खाल्लं. पाव हातानेच तोडून मधात बुडवायचा असतो, चमचा मागितला की हसतात.
१४.००. छपाई सुरू. आत्तापर्यंत रोलर कधीकधी कागद उचलतच नसे. आज एका वेळी चार-पाच उचलतो. पकड सुधारली आहे. थोडी जास्त.

११ फेब्रुवारी, मंगळवार
९.१०. कोड ३३.
९.१४. कोड ३३.
९.३०. कोड ३४. ३५.
११.००. कोड ८८. पुस्तिकेत नाही. स्पिरोकाकांनी स्क्रीन वाचून सांगितलं की ते आता पाद्रीला बोलावतंय.
१५.००. हवी होती २४०, झाली ६१. त्यातल्या ६१ पानांवर बाजारचौकाच्या मधोमध एक आडवी सुरकुती आहे, जी योजनेत नाही.
१६.३०. मॅडम आल्या. माझ्या टेबलावरचा नकाशांचा पेनड्राइव्ह उचलला, कोट घातला आणि गेल्या. ओरडल्या असत्या तर नोंद करायला काही तरी मिळालं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सुनावणी पार पडली. गावात रंगीत छापणारं दुसरं ठिकाण एकच, चर्चसमोरचं; मॅडमनी संच तिथे छापून घेतले. तिथे मुख्यतः मृत्यूच्या सूचना छापतात, लोक त्या दारांवर आणि विजेच्या खांबांवर लावतात. तिथल्या मशीनमध्ये जाड काळी चौकट कायमची बसवलेली आहे आणि ती घाईत काढता येत नाही. चाळीसही संच काळ्या चौकटीत आले.
मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी संच हातात घेतला आणि टोपी काढली. शेजारच्या बाईंनी विचारलं, कधी गेला हो बाजार? ते म्हणाले, माहीत नाही, पण दुकानं चालू होती तेव्हाच आजारी दिसत होता. मेयरसुद्धा हसले. एकही हरकत आली नाही. एरवी वीस येतात. तांत्रिकदृष्ट्या कॉपियरमुळे कामकाज सोपं झालं, पण अहवालात मी तसं लिहिणार नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
मॅडमनी मेकॅनिकला बोलावलं. नाव लाचेझार. चार मिनिटांत तिन्ही रोलर बाहेर काढून माझ्या टेबलावर ओळीने ठेवले. खाली स्टार्च आणि साखर, वर मध, मध्ये कागदाचे पापुद्रे. म्हणाला, अक्रोड घातले असते तर बाकलावा मिठाई झाली असती. वार्वारामावशी दारातून म्हणाल्या, अक्रोडही असतील, नीट बघ. त्याने पाहिलं. होते.
मग रोलर उजेडात धरून साखरेतला बोटाचा ठसा दाखवला आणि विचारलं, हे कोणाचं? एका ठशावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, चौदा आहेत.
साफसफाई दहा मिनिटं. कॉफी अर्धा तास. कॉफी मी केली.
मॅडमनी त्याचा अहवाल वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. माझी मुदत ७ मार्चला संपते, तीन आठवडे उरले. संध्याकाळी इतर नोकऱ्यांच्या जाहिराती पाहिल्या. प्लोवदिवला दोन, सोफियाला पाच, पगार जास्त. मला इथून जायचं नाही. हे वाक्य तांत्रिक नोंदीत का आलं, माहीत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
कॉपियर पुन्हा कॉरिडॉरमध्ये नेला. माझ्या खोलीत आता कुणाचंच काम नाही. तरीही आज सात जण येऊन गेले. कारण शोधते आहे.

७ मार्च, शुक्रवार
१०.००. मॅडमनी बोलावलं. टेबलावर तोच अहवाल उघडा. मी आधीच तयार केलेलं स्पष्टीकरण (चार पानं, एक आलेख) पुढे केलं. त्या म्हणाल्या, ठेव ते. काल स्पिरो आणि वार्वारा दोघं येऊन गेले. म्हणत होते, मुलीला राहू द्या, हवं तर मशीन काढा. मग विचारलं, तुला इथे राहायचं आहे का? मी हो म्हटलं. आवाज थोडा वर गेला असावा, कारण दाराबाहेर कुणीतरी हसलं.
कायमच्या नोकरीचा करार मिळाला. तेरा कलमं छापील. चौदावं मॅडमनी हाताने लिहिलं आहे: कर्मचारी रंगीत कॉपियरला कोणत्याही कारणाने हात लावणार नाही. म्हणाल्या, हे सगळ्यांच्याच करारात असतं. स्पिरोकाकांचा करार मागून पाहिला. तेरा कलमं. जुना नमुना असावा.
सही केली.
११.१५. कराराची प्रत मला हवी होती. नव्या कलमानुसार वार्वारामावशींना बोलवावं लागलं. त्यांनी फोनवर लेकीशी बोलता बोलता, न बघता बटण दाबलं. प्रत पहिल्याच झटक्यात निघाली, सरळ, एकही सुरकुती नाही.
तीन महिन्यांच्या देखभालीचा परिणाम आता दिसू लागला आहे.