मोज्यातले तांदूळ

सोमवार, ४
उजव्या छातीत गाठ आलीय. दगडासारखी. बाळ त्या बाजूला तोंड लावतं, सोडतं, किंचाळतं. नर्सबाई घरी येऊन बघून गेली. पाजायच्या आधी शेक घे, पाजणं थांबवू नकोस, ताप आला तर थेट दवाखाना. शेकायची पिशवी घरीच कर म्हणाली.
"दुखतं का?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. दुखत असणारच ना.

मंगळवार, ५
पिशवी केली. हे गोदामात घालतात तो जाड सुती मोजा, धुतलेला. तांदूळ कोरड्या तव्यावर परतायचे, मोज्यात ओतायचे, वर गाठ मारायची. गच्च भरायचा नाही, नाहीतर अंगाला बसत नाही.
जाऊबाई हसून हसून खाली बसल्या. "भावोजींचा मोजा उराशी धरलाय! एवढं प्रेम लग्नाच्या वर्षी पण नव्हतं गं!"
मी पण हसले. हसायचं असतं तिथे हसते.

बुधवार, ६
शेकलं. पाजलं. गाठ तशीच.

गुरुवार, ७
बाळ रडतं ते शेजारच्या घरातलं वाटतं. उचलते, पुसते, पाजते — हात आपले करतात. मी कुठेतरी भिंतीला टेकून बघत असते. आतून काही येतच नाही.
सासूबाईंना कळलं तर बाळ काढून घेतील. एकटीला माहेरी धाडतील. तेवढीच एक भीती आहे. ती पण लांबून.

शनिवार, ९
"अगं बाई! हा फोड कसला?" सासूबाईंनी मनगट धरलं.
नर्सबाईने सांगितलं होतं, आधी मनगटाला लावून बघ, मगच छातीला. लावलं होतं की! काही लागलंच नाही. म्हणून तांदूळ अजून तापवले. परत लावलं. परत तापवले. छातीला पण लाल चट्टा आलाय.
"भाजलं ते कळलं नाही तुला?"
"नाही."
बघतच राहिल्या. मग बाळाला उचललं आणि बाहेर घेऊन गेल्या.
झालं. कळलं त्यांना.

रविवार, १०
बाळ त्यांच्याच खोलीत. पाजायला तेवढं आणून देतात.

सोमवार, ११
सासूबाईंनी नर्सबाईला बोलावलं. तिने मलम लावलं. फोड बरा होईपर्यंत शेक बंद! मग हळूच विचारलं, "बाळ रडलं की काय वाटतं गं?"
सासूबाई दारात उभ्या. खोटंच बोलणार होते. तोंडातून निघालं — "काही नाही."
नर्सबाई म्हणाली, हे पण बाळंतपणातलं दुखणंच आहे, होतं बऱ्याच जणींना, औषध असतं. उद्याच डॉक्टरीणबाईंकडे जा. मग सासूबाईंकडे वळली. "बाळ हिच्यापासून लांब का ठेवलंय?"
"लांब कुठे? पोरीला चार घटका झोप मिळावी म्हणून नेलं!"
मला वाटलं होतं, काढून घेतलं.
संध्याकाळी बाळ परत माझ्या शेजारी. आणि मोजा त्यांनी ताब्यात घेतला. "आता मी आधी गालाला लावून बघणार, मग तुला देणार. म्हातारीच्या गालाला अजून कळतं."

गुरुवार, १४
गोळ्या सुरू. पाजताना चालतात म्हणे. गुण यायला वेळ लागेल. गाठ मऊ झाली, बाळ त्या बाजूला प्यालं. जाऊबाई म्हणाल्या, "सुटलीस!"
मी — हं.

रविवार, २४
फोड सुकला. गाठ थोडी उरलीय, म्हणून सासूबाईंनी आज मोजा तापवून दिला. मधे जाऊबाईंशी बोलण्यात त्यांना उशीर झाला असेल.
"आई, हा गार झालाय."
"काय म्हणालीस?"
"गार लागतोय."
मोजा ओढून घेतला आणि स्वयंपाकघरात पळाल्या. तव्याचा आवाज. आणि जाऊबाईंना मोठ्याने — "अगं ऐकलंस का? तिला गार लागलं!"