गच्चीवरच्या खोलीचं कुलूप

२ मार्च

आजपासून रोजनिशी. कारण संताप. पोटात ठेवला की ॲसिडिटी होते आणि हिला सांगितला की ही भांडी आपटते.

पालिकेचं ‘भाडेकरू वार्ता’ दाराखालून आत आलं. गुळगुळीत कागद. पहिल्याच पानावर गृहनिर्माण अधिकारी हसतायत. खाली लिहिलंय, ‘तुमचं घर, आमची काळजी’. शी! बाहेर पडलो तर लिफ्ट बंदच. दारावर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी, पाटीखाली कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगगम. दुरुस्ती कुठे दिसत नाही. च्युइंगगम मात्र वाढतंय.

आम्ही चौथ्या मजल्यावर. आईचे गुडघे आणि लिफ्ट एकाच सुमाराला गेले, तेव्हापासून आई घरातच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचं बाक दिसतं. तिथे संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाई बसतात. आईची मैत्रीण. पूर्वी दोघी रोज बसायच्या, आता नुसते हात हलवतात. वार्तेत आलंय की समोरची बिल्डिंग महिनाअखेर रिकामी करणार आणि तिथल्या भाडेकरूंना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हलवणार. आईने ते दोनदा वाचलं. म्हणाली, जायच्या आधी एकदा शेजारी बसून बोलता आलं असतं रे.

मी लगेच शब्द दिला. इथे लिहूनच ठेवतो: आईला महिनाअखेरच्या आत लिफ्टने खाली नेणार.

३ मार्च

पालिकेच्या सेवा केंद्रात गेलो. खुर्ची चिकट. कशाने ते बघितलं नाही. खिडकीतल्या बाई माझ्याशी बोलताना सफरचंद खात होत्या. आम्ही भाडं भरतो आणि या सफरचंद खातात. म्हणाल्या, तक्रार नोंदवली, मेकॅनिक सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान येईल, तेव्हा घरी थांबा.

अशा गोड बोलण्याला मी भुलत नाही.

५ मार्च

पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेलो. तिथे एक खोली आहे, दाराला नुसती कडी. उघडली आणि शी! पाचव्या मजल्यावरच्या बाईने आत दोरी बांधून ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या. सार्वजनिक जागेत! कुबट वास. एक चादर चेहऱ्याला लागली. घरी येऊन साबणाने दोनदा तोंड धुतलं.

खोलीच्या मध्यभागी एक लोखंडी धूड, त्याला चाक आणि जाड तारा. पालिकेने भंगार आणून टाकलंय, दुसरं काय.

या बाईला मी मनात ओली बाई म्हणतो.

६ मार्च

ओलीच्या चादरी काढून तिच्या दारात ठेवल्या. खोलीला कुलूप ठोकलं. साधंसुधं नाही, सगळ्यात दणकट. हातोड्यानेही तुटणार नाही असं दुकानदार म्हणाला. चावी माझ्याकडे, दोऱ्यात ओवून गळ्यात.

या बिल्डिंगमध्ये कुणीतरी जबाबदारी घेतली पाहिजे.

९ मार्च

मेकॅनिक खरोखर निघतो की नाही हे बघायला सकाळी नऊलाच सेवा केंद्रात हजर. बारापर्यंत बसलो. बाई म्हणाल्या, तो तुमच्याकडेच गेलाय, तुम्ही इथे काय करताय? म्हटलं, तुमच्यावर लक्ष ठेवतोय.

घरी आलो तर ही म्हणाली, अहो, एक माणूस येऊन गेला, गच्चीवरच्या कुलपाची चावी मागत होता.

लिफ्टचा आणि गच्चीचा काय संबंध? चोर असणार. पाळत ठेवायला आला होता. संध्याकाळी दुसरं कुलूप लावलं.

१३ मार्च

पुन्हा सेवा केंद्र. पुन्हा बारापर्यंत. बाईंचं आज संत्रं. साली टेबलावरच. परत आलो तर जिन्यात ओली भेटली. लिफ्टवाल्याबद्दल काहीतरी सांगत होती. मी लक्ष दिलं नाही. तिचे हात ओले होते.

१६ मार्च

वार्तेचा नवा अंक. ‘आपल्या वसाहतीत’ या सदरात छापलंय: ‘मशीनरूमला कुलूप असल्याने लिफ्टचं काम होऊ शकलं नाही. भाडेकरूंनी सहकार्य करावं.’

वाचून हसावं की रडावं कळेना. स्वतःच्या मशीनरूमची चावी यांना सापडत नाही आणि सहकार्य आम्ही करायचं! ओकारी येते या खात्याची. हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, ती गच्चीवरची खोली म्हणजेच तर नाही ना? म्हटलं, वेडी आहेस का, तिथे भंगार आहे.

आई खिडकीशी उभी होती.

२० मार्च

ओली घरी आली, तीही मी जेवत असताना. म्हणाली, आजी, माझे दोन भाऊ येतात रविवारी, तुम्हाला खुर्चीत बसवून अलगद खाली नेतील. आईचा चेहरा एकदम खुलला. साडी कुठली नेसायची इथपर्यंत बोलणं गेलं.

मी नाही म्हटलं. माझी आई काय कपाट आहे, दोघांनी धरून जिन्यातून उतरवायला? हक्काची लिफ्ट आहे आमची! तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय त्या भावांचे हात कसे असतील कोण जाणे.

ओली गेल्यावर आई म्हणाली, तुझं तत्त्व तू जिन्यावरून चढउतार करतोस म्हणून टिकलंय. गुडघे दुखले की आई तिरकस बोलते.

२५ मार्च

समोरच्या बिल्डिंगखाली टेम्पो यायला लागले. गाद्या, कपाटं, तुटक्या कुंड्या, सगळा पसारा फुटपाथवर. बघवत नाही. नर्सबाई एकतीसला जाणार असं त्यांनी खालून ओरडून सांगितलं. आईला नीट ऐकू आलं नाही. मी सांगितलं. मग ती आत जाऊन पडली.

वाईट वाटलं. पालिकेला याची लाज कशी वाटत नाही?

२७ मार्च

सेवा केंद्रात जायला निघालो तर दारातच मेकॅनिक. अंगावर ग्रीसचे डाग, हातात पान्हा. हिने त्याला फोन करून आठलाच बोलावलं होतं, मला न सांगता. म्हणाला, काका, चावी.

वर गेलो, दोन्ही कुलपं उघडली. ते भंगार म्हणजे लिफ्टची मोटर निघाली. आता मोटर गच्चीवर ठेवायची ही अक्कल कुणाची? मोटर खाली असते, हे कुणीही सांगेल. बाहेर साधी पाटी नाही. म्हणजे चूक शंभर टक्के पालिकेची.

मेकॅनिकने फ्यूज बदलला, तारांना तेल दिलं. तोंडात शेंगदाणे टाकायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात लिफ्ट चालू! माझ्या पाठपुराव्याला यश आलं. तो म्हणाला, अजून एक पार्ट कुरकुरतोय, तो मागवतो. तोवर अडकली तर वरून चाक हाताने फिरवून खाली घ्यावी लागेल, म्हणून तेवढं कुलूप लावू नका.

बरं म्हटलं. आईला एकतीसलाच थाटात खाली नेणार, निरोप निघायच्या दिवशीच शोभतो.

२९ मार्च

गच्चीवर सहज गेलो. मोटरवर चादर! मोटरवर! फुलाफुलांची, टपटपणारी. आमच्या आईच्या लिफ्टवर या बाईच्या चादरीचं पाणी! किळस आली.

दोन्ही कुलपं पुन्हा लावली. मेकॅनिकची सूचना सामान्य परिस्थितीसाठी होती.

३१ मार्च, सकाळी

ऐतिहासिक दिवस. नर्सबाई दुपारी निघणार. आई पहाटेपासून तयार होऊन बसली आहे. आधी मी एकटा लिफ्टने खाली जाऊन येतो, खात्री करतो, मग तिला नेतो. वही बरोबर घेतोय, पोचल्याची नोंद तिथेच करीन.

३१ मार्च, लिफ्टमध्ये

तिसरा आणि दुसरा, यांच्या मध्ये कुठेतरी. धाडकन आवाज झाला आणि थांबली. घड्याळ घरी राहिलं.

इथे वास येतो. आरशावर कुणाचा तरी केसांच्या तेलाचा डाग आहे. बघायचा नाही म्हटलं तरी बघावाच लागतो, बाकी काही नाहीच बघायला.

भिंतीवरच्या फोनवरून मदत मागितली. सफरचंदवाल्या बाईच निघाल्या. आवाजावरून आज काकडी. म्हणाल्या, तक्रार नोंदवली, मेकॅनिक येईल, जागेवर थांबा. म्हटलं, मी कुठे जाणार?

नंतर

मेकॅनिक आला. धावत गच्चीवर गेला. हळूहळू खाली आला. दाराबाहेरून विचारलं, काका, चावी कुठे आहे?

मी गळ्याला हात लावला.

म्हटलं, इथेच, माझ्या गळ्यात. मग ओली हसली. पोट धरून हसत असावी. मेकॅनिक म्हणाला, दाराच्या फटीतून चावी निघणार नाही, कुलपं कापायचं मशीन डेपोतून आणावं लागेल, फार दणकट आहेत. तेवढं तरी त्याने मान्य केलं.

त्यानंतर

वर जिन्यात चपला वाजल्या. एक पायरी, मग थांबणं, मग एक पायरी. या चपला मला माहीत आहेत. ओली म्हणत होती, सावकाश आजी, माझ्या खांद्यावर भार द्या. आई लिफ्टच्या दाराशी आली. धापा टाकत विचारलं, अरे, लागलं नाही ना तुला? घाबरलास का? म्हटलं, नाही, पण तू कशाला उतरलीस, गुडघ्यांचं काय?

म्हणाली, दुखतात. पण तू अडकलास म्हटल्यावर आत बसवेना. मग म्हणाली, आता एवढी उतरलेच आहे, तर नर्सबाईंना भेटूनच येते. तू इथेच बस.

चपला माझ्या बाजूने खाली गेल्या. एक पायरी, मग थांबणं, मग एक पायरी. खूप वेळ ऐकू येत होत्या.

मग खालून दोघींचं बोलणं आलं. शब्द कळत नव्हते. हसणं कळत होतं. नंतर दोघी गप्प झाल्या, म्हणजे रडत असाव्यात. मी इथे, चावी गळ्यात.

वहीचं पहिलं पान काढलं. ‘आईला महिनाअखेरच्या आत लिफ्टने खाली नेणार.’ महिना संपायच्या आत आई खाली पोचली, म्हणजे संकल्प तसा पुराच झाला. फक्त ‘लिफ्टने’ हा शब्द खोडला.

थोड्या वेळाने ‘नेणार’ही खोडला.