भिंतीवर आमचं घर

मंगळवार, संध्याकाळ. सारसोळे कोळीवाडा.

डोक्यातून जातच नाहीये. जेट्टीच्या वाटेवरची भिंत कोण फुकट रंगवून देतं? चार दिवस दोन मुली खपतायत. होड्या, फ्लेमिंगो, टोपलीवाली कोळीण. सुरेख आहे, नाही म्हणत नाही. पण मागे ह्याच भिंतीवर कोणी 'खाडी आमची' लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी पालिकेने त्यावर चुना फासला होता. ते विद्रूपीकरण. मग हे काय?

आज बाबा बराच वेळ त्या चित्रासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "पानी हाय, होड्या हायत, पन आमची घरं कुठं हायत?"

त्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, डिझाइन वरून, पालिकेतून आलंय. त्यात घरं नाहीत."

घरं नाहीत. राहून गेली, की मुद्दाम? कागदावर तर आमची घरं अजून अनधिकृतच आहेत. मला हे राहून गेल्यासारखं वाटत नाही.

बाबांनी तिच्याच डब्यातला ब्रश उचलला आणि कोळिणीच्या मागे आमचं घर काढलं, वाकडंतिकडं.

"काका, भिंत खराब करू नका ना!" ती ओरडली.

मी त्यांचा हात धरायला हवा होता का? नाही धरला.

मग बाबांनी दारावर घर नंबरही लिहिला, पालिकेच्या घरपट्टीच्या पावतीवर असतो तोच.