बाबांच्या चालीने

३ मार्च
कोपऱ्यावरच्या खांबाला पाटी लागली! ‘हे क्रॉसिंग वापरात नसल्याने बंद करण्यात येत आहे. नागरिकांनी पुढील चौकातून रस्ता ओलांडावा.’
वापरात नाही म्हणे. हे हुशार सिग्नल आल्यापासून बटण दाबून निघावं, तर मध्यावर पोचेपर्यंत हिरवा दिवा लुकलुकायला लागतो. बाबा एकदा असेच दुभाजकावर अडकले. दोन्हीकडून गाड्या, मधे काठी टेकून ते एकटे. त्यानंतर गेलेच नाहीत. समोरच्या इमारतीत आत्या अंथरुणाला खिळलेली. रोज सकाळी जाऊन तिला पेपर वाचून दाखवायचे, ते आता फोनवर वाचतात. ती अर्ध्यातच झोपते, बाबांना कळत नाही.
पुढचा चौक म्हणजे बाबांना परदेशच.

४ मार्च
धाकटा भाऊ सिग्नलच्या कंट्रोल रूममध्ये आहे. त्याला फोन केला. रस्ता कितीजण ओलांडतात ते कॅमेरा मोजतो, आणखी आठवडाभर मोजणार, मग निर्णय पक्का. मी म्हटलं, अरे, जमत नाही म्हणून लोक येत नाहीत. तर म्हणाला, “ताई, न आलेला माणूस कॅमेऱ्याला दिसत नाही.”
खरं बोलला गाढव.

५ मार्च
ऑफिसातून अर्धी रजा काढून वाहतुकीच्या साहेबांना भेटले. फार सभ्य माणूस. पडद्यावर रंगीत नकाशा दाखवला. आम्ही काही ठरवत नाही, आकडे ठरवतात, म्हणाला. हे मला सांगतो! ऑडिटमध्ये केस पांढरे झाले माझे. काय मोजायचं आणि काय सोडायचं, हे आधी माणूसच ठरवतो. तसं म्हणाले, तर त्याने पाणी हवं का विचारलं.

६ मार्च
जिन्यात सगळे जमलो. वरच्या मजल्यावरच्या वहिनी पायरीवर बसून म्हणाल्या, “मोजायचंय ना त्याला? मग मोजू दे, दमेपर्यंत.” सगळ्यांनी सारखं इकडून तिकडे जायचं. लोक खूश. मी नाही. उगाच ये-जा म्हणजे आकडा फुगवणंच, आणि दुसऱ्यांचे फुगवलेले आकडे पकडण्याचाच मी पगार घेते. म्हणून अट घातली: पलीकडे खरंच काम असेल तरच जायचं.
वहिनींनी कपाळाला हात लावला. “तुमच्या सचोटीपायी आमच्या पायांचे तुकडे पडणार.”

८ मार्च
कामं मात्र निघाली! वहिनी मीठ घेऊन आल्या, मग त्यांना साखर आठवली, मग काडेपेटी. तळमजल्यावरच्या मास्तरांनी एक चप्पल शिवायला नेली. ती आणल्यावर दुसरी नेली. पलीकडच्या किल्लीवाल्याने मला विचारलं, तुमच्या इमारतीत माणसं जास्त की कुलपं?
मी सकाळी आत्याकडे पेपर दिला, दुपारी विसरलेला चष्मा आणायला गेले. चष्मा खरंच विसरले होते का? पानाशी खोटं कशाला बोलू – विसरायचं ठरवून विसरले. पण पाय खरे होते. तेवढं पुरे.

११ मार्च
पिशवी खांद्याला, जीव मुठीत. दिवा लाल व्हायच्या आत सगळे बरोबर पलीकडे. मास्तरसुद्धा पळतात!

१५ मार्च
पाटी काढली! क्रॉसिंग राहिलं. वहिनी जिन्यातून ओरडत खाली आल्या. बाबांनी दाढी केली, बूट घातले.
आणि मग धाकट्याचा फोन. क्रॉसिंग राहिलं, पण हिरवा दिवा आहे तेवढाच राहणार. आठवडाभर दिवा लाल झाल्यावर एकही माणूस रस्त्यात राहिला नाही, तेव्हा वेळ पुरतो असं सिस्टिमने धरलं. “तुम्ही पळालात ना, ताई.”
पळालो. आज्ञाधारक मुलांसारखे पळालो. आमच्या पायांनी बाबांविरुद्ध साक्ष दिली.
बाबांना सांगितलं. त्यांनी बूट काढले. पण कपाटात ठेवले नाहीत, दाराशीच ठेवले.

१६ मार्च
रिकाम्या रस्त्यावरही मी कधी लाल सिग्नल तोडलेला नाही. वहिनी त्यावरून हसतात. पण नियम जर पळणाऱ्याच्या मापाने शिवला असेल, तर ज्याला पळता येत नाही त्याने काय करायचं? घरी बसायचं. उत्तर हेच आहे, फक्त ते पाटीवर लिहीत नाहीत.
दंड करतील. करू देत. भरीन, आणि पावती मागेन.
बाबांना म्हटलं, उद्या मी हात धरते. “धरू नकोस,” म्हणाले. “मागे चाल. आणि पुढे जाऊ नकोस.”

१७ मार्च
बटण बाबांनी दाबलं. पुढे ते, मागे मी, वहिनी, मास्तर, अख्खा जिना. मध्यावर दिवा लाल झाला. हॉर्न सुरू झाले. माझे पाय आपोआप घाईला आले, मी ते आवरले. बाबा थांबले, दम घेतला, काखेतला पेपर सावरला. आम्हीही थांबलो.
मी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. म्हटलं, आता मोज.